पाहुण्याची शेवटची जागा

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा (केस पिकले तरी तुझ्या लेखी ज्याला अजून स्वतःचं नाक पुसता येत नाही, त्याचा) वाकून नमस्कार. तुझे गुडघे काय म्हणतात? भाऊजींचा खोकला गेला की अजून ते शेजाऱ्यांना उठवण्याचं काम करतात? इकडे सगळे खुशाल. तुझी भावजय शाळेतून घसा बसवून येते आणि उरलेल्या घशात माझ्याशी बोलते. सासूबाईंचे दात आता नीट बसलेत, ते कसे हे पुढे येईलच.

पत्र मुख्यतः आभाराचं आहे. गेल्या वर्षी मी तुला लिहिलं होतं, की या बेटावर रोज बोटी भरभरून माणसं उतरतात, पण कुणीतरी आपलं माणूस यावं असं फार वाटतं. तू ते वाक्य इतकं मनावर घेतलंस, की हंगाम सुरू झाल्यापासून आमच्या घरात आपल्या माणसांची रीघ लागली आहे. आधी भाऊजींचे साहेब सहकुटुंब आले. मग तुमचे दातांचे डॉक्टर. मग तुझ्या शिवणवर्गातल्या बायका, त्यांच्या नणंदा, आणि त्या नणंदांपैकी एकीच्या साडूची मुलगी. (नणंदेला साडू कुठून येईल, असं तू म्हणशील. मीही तेच म्हणालो. पण धक्क्यावर उन्हात उभं राहून नातं सांगायची पाळी आली, की जिभेवर येईल ते नातं.) एक गृहस्थ तर नुसते 'ताईंनी सांगितलंय' एवढ्या भांडवलावर चार दिवस राहून गेले. कोणत्या ताईंनी, हे विचारायचं राहिलं. जाताना सासूबाईंच्या पाया पडले, त्यामुळे ते आपल्यातलेच असावेत असं धरून चाललोय.

नातं सांगायची भानगड काय, ते आधी सांगतो. बेटावर माणसं फार झाली. गल्ल्या इतक्या अरुंद, की समोरून एखादा घोळका आला तर आपल्याच दारातून बाहेर पडायला थांबावं लागतं. एका बाईंनी आमच्या दोरीवरच्या माझ्या बनियनचे फोटो काढले आणि दुसरीने तुझ्या भावजयीला विचारलं, की हे बेट संध्याकाळी किती वाजता बंद होतं? म्हणून पंचायतीने धक्क्यावर एक लाकडी खोपट टाकलं आणि येणाऱ्याला फी बसवली. फी भरणाऱ्याने यावं, बघावं आणि संध्याकाळच्या बोटीने परत जावं. मुक्काम फक्त पाहुण्यांना. पाहुण्याला फी नाही, पण दर घरामागे हंगामात ठरावीकच पाहुणे, आणि घरच्या माणसाने धक्क्यावर येऊन त्याचं नातं मोठ्याने सांगायचं. खोपटात पावतीबाई बसतात. तुझ्या भावजयीच्या बालमैत्रीण. लहानपणी एका ताटात जेवलेल्या, पण खुर्चीवर बसल्या की सख्ख्या आईलाही 'पुढे व्हा' म्हणतील.

मी मात्र या गर्दीला नावं ठेवू शकत नाही. इथल्या दगडी गल्ल्यांत बॅगांची चाकं मोडतात, ती बसवून मी पोट भरतो. ज्या दिवशी लोक शहाणे होऊन खांद्यावर बोचकं टाकून येतील, त्या दिवशी मला दुकानाला कुलूप लावावं लागेल. खरं सांगू का, तू पाठवलेल्या माणसांचेही माझ्यावर उपकारच झाले. डॉक्टरांनी जेवता जेवता सासूबाईंची कवळी मागून घेतली, कुठे खुपते ते पाहिलं आणि माझ्या दुकानातल्या कानशीने घासून पाच मिनिटांत बसवून दिली. (कानस धुतली होती. मी धुतली होती. तरी हे भाऊजींना सांगू नकोस.) शिवणवर्गाने दुकानाला पडदे शिवले आणि उरलेल्या कापडाची मला एक टोपी शिवली, फुलाफुलांची. ती टोपी लक्षात ठेव.

आता सासऱ्यांबद्दल. आयुष्यभर त्यांनी या खाडीत होडी हाकली. आता ते धक्क्यावरच्या बाकावर बसून नव्या नावाड्यांच्या चुका काढतात आणि लोक त्यांचे फोटो काढतात. (हल्ली भांग पाडून जातात.) माणूस मायाळू, पण मी घरजावई झालो त्या दिवसापासून ते मला 'अहो पाहुणे' म्हणतात. पाहुणे, चहा घेता का? पाहुणे, पाण्याची टाकी भरली का? लग्नाला इतकी वर्षं झाली, टाकी मीच भरतो, पण मी पाहुणा तो पाहुणाच. तूही मांडवातून निघताना म्हणाली होतीस, की तुझं स्वतःचं घर झालं की मी येईन, तुझ्या सासऱ्याच्या घरी मी काय म्हणून येऊ? मला ते लागलं होतं ताई. पण बरोबरच होतं तुझं.

तर, या हंगामातली आमच्या घरची पाहुण्यांची एकच जागा उरली होती. सासऱ्यांना ती त्यांच्या जुन्या जोडीदारासाठी हवी होती. दोघांनी मिळून पंचवीस वर्षं एक होडी वल्हवली, तो आता पलीकडे मुलाकडे असतो. मी आज देतो, उद्या देतो असं करत टाळत होतो. कारण सांगितलं नाही. ते फुरंगटून बसले होते, चहासुद्धा मला न विचारता पीत होते.

परवा मी चाकं आणायला पलीकडे गेलो आणि संध्याकाळच्या बोटीने परत आलो. हातात बॅग, डोक्यावर ती फुलाफुलांची टोपी आणि रहिवाशाचं कार्ड घरी दुसऱ्या शर्टात. पावतीबाईंनी चष्म्यावरून पाहिलं आणि फी मागितली. अहो, मी! म्हटलं. त्या म्हणाल्या, मी तुम्हाला ओळखते, पण खुर्ची ओळखत नाही. घरचं कुणी बोलवा. मागे रांग खोळंबली. तेवढ्यात बाकावरून सासरेच उठून आले आणि सवयीने म्हणाले, "अहो पाहुणे, तुम्ही रांगेत काय करताय?"

झालं! पावतीबाईंनी 'पाहुणे' हा शब्द ऐकला, वहीत लिहिला, शिक्का मारला आणि मला सांगितलं, की या घराचे पाहुणे संपले.

ताई, चारचौघांत, टोपी काढून हातात घेऊन, मी ओरडलो की ती जागा माझ्या ताईची आहे! तिने मला लहानाचं मोठं केलं, तिने काय फी भरून यायचं आणि संध्याकाळी परत जायचं? जागा कुणासाठी दाबून ठेवली होती, ते सासऱ्यांना तेव्हा कळलं. मग त्यांनी खोपटाच्या फळीवर हात आपटला.

"अगं खोड ते! हा पाहुणा नाही."

"आत्ताच तर म्हणालात, काका."

"ती तोंडाची सवय. घरातला आहे तो. घर त्याचंच आहे, आम्ही म्हातारा-म्हातारी त्याच्याकडे राहतो." आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "अरे, उभा काय राहिलास? उचल ती बॅग."

ऐकलंस ना? अरे म्हणाले! लोकांना कुणी अरे-तुरे केलं की राग येतो, मला धक्क्यावर रडू आलं. पावतीबाईंनी शब्द खोडला, स्वतःचा चष्मा पुसला आणि रांगेतल्या एकाने आमचा फोटो काढला. त्यात मी फार वाईट दिसतो.

घरी येताना सासऱ्यांनीच त्या जागेचा विषय काढला. जोडीदाराला म्हणे पुढच्या हंगामात बोलावू, तो काय पळून जातोय. जेवताना त्यांनी माझ्या ताटात आपणहून वाढलं. तू माणसं पाठवली नसतीस तर जागा संपत आल्या नसत्या, टोपी नसती, आणि हेही झालं नसतं. तेव्हा मनापासून आभार. भाऊजींना नमस्कार. माया आहे तशीच ठेव.

तुझा,
धाकटा

ता. क. गेल्या वर्षीच्या पत्रातलं ते 'आपलं माणूस' म्हणजे तू होतीस. मला वाटलं होतं, तुला कळेल. आता सरळच लिहितो: ये. हंगाम संपायच्या आत ये.

ता. क. दुसरा. एकटी ये. 'आपलीच माणसं आहेत' म्हणून बरोबर कुणाला आणलंस, तर त्यांची फी तू भरायची. आणि चाकांची बॅग आणू नकोस. घरच्या माणसाकडून मला दुरुस्तीचे पैसे घेता येत नाहीत.

ता. क. तिसरा. आत्ता सासऱ्यांना विचारलं, की ताईला उतरवून घ्यायला धक्क्यावर कुणी जायचं, तुम्ही की मी? त्यांनी डोळे मिटल्या मिटल्याच सांगितलं, "पाहुण्याला घ्यायला घरमालकाने जायचं असतं. तू जा."