चांगल्या विचारांची डाळ

३० जून १९९१, रविवार
डायरी, माफ कर. नाताळात पाळकसाहेबांनी तुला माझ्या हाती दिलं आणि पहिला शब्द आज लिहितो. उशीर माझा नाही. आधी चष्मा मोडला. मग भिकुबाई आमच्या लेकीच्या, सुनंदाच्या बाळंतपणाला धुळ्याला गेली, आणि पेन कुठे ठेवलं ते सांगून गेली नाही.

आजचा उपदेश : जुना माणूस टाका, मन नवं करा. साहेब बोलताना सारखे माझ्याकडेच बघत होते. उदाहरण म्हणून असेल.

ठरलं. भिकुबाई परत यायच्या आत मन नवं.

तिकडे बाळ रांगायला लागलं, तरी ही येत नाही. सुनंदाचा निरोप आला की आई म्हणते, नानांचं डोकं बदललं की येईन. कारण अगदी लहान. जेवणाआधी मी मोठ्याने प्रार्थना करतो. त्यात म्हणायचो, प्रभू, भिकुबाईला मिठाचा अंदाज दे. माणसाने आपली गरज देवाला नाही तर कोणाला सांगायची? एकदा हेच रविवारी मंडळीत मागितलं. सगळे आमेन म्हणाले. ती म्हणाली नाही.

२ जुलै
उपाय सापडला. सगळा जन्म जळगावच्या डाळ मिलमध्ये डाळ निवडण्यात गेला. मूठ हातात घेतली की खडा कळतो. विचारही तसेच निवडायचे. दोन डबे घेतले, झाकणाला फटी पाडल्या, कडेने लाख लावून बंद केले. चांगला विचार आला की डाव्या डब्यात तुरीची एक डाळ. वाईट आला की उजव्यात.

शेजारच्या रहिमाबीने विचारलं, नाना, डाळीचा गल्ला केला का? समजावून सांगितलं. म्हणाली, मग उजवा डबा मोठा घ्यायचा ना!
अडाणी बाई. माफ केलं. डाव्यात एक.

५ जुलै
दूधवाल्याने पाणी घातलं. रागावलो नाही. डाव्यात एक. रागावलो नाही याचा आनंद झाला. आणखी एक.

झुलाल चर्चमध्ये पंख्याखालच्या माझ्या बाकावर बसतो. त्याच्याबद्दल मनात आलं ते लिहीत नाही. पण तो विचार त्याच्यामुळे आला, म्हणजे डाळ त्याने टाकायला पाहिजे. मी टाकली नाही.

११ ऑगस्ट, रविवार
पाऊस. घरात ओल. डावा डबा चांगला जड झाला. उजवा हलवला तर आवाजही नाही. एवढं लवकर कसं झालं, अशी काळजी वाटली. पण अनुभवी हात.

झुलाल धुळ्याला चालला होता. म्हटलं, भिकुबाईला सांग, डोकं बदललं.

१५ ऑगस्ट
झुलाल आला. तिने एवढंच विचारलं म्हणे, आता प्रार्थनेत काय मागतात? झुलाल म्हणाला, मी सांगितलं, माहीत नाही. अरे, माहीत नव्हतं तर चांगलं काहीतरी सांगायचं!

आता जेवताना मोठ्याने प्रार्थना करत नाही. ऐकायला कोणी नाही. तरी डाव्यात एक.

८ सप्टेंबर
निरोप! उपकारस्तुतीच्या सणाला येते. नीट वाटलं तर राहील. झोप उडाली. राहिली नाही तर? या वयात वरण मी किती दिवस करू?

१९ ऑक्टोबर
उद्या सण. लोक देवाला वाहायला केळीचे घड आणतील, कापूस, कोंबड्या. मी डावा डबा वाहणार. चांगले विचार देवाला. भक्ती झाली की अंगणात वाहिलेल्या वस्तूंचा लिलाव होतोच. डबा ज्याच्या घरी जाईल त्याचं भलं.

२० ऑक्टोबर, रविवार
भिकुबाई आली. हातात मोठी पिशवी, म्हणजे राहायच्या तयारीने. माझ्याकडे बघून हसलीसुद्धा. म्हणाली, वाळलात हो.

लिलावात डबा झुलालने घेतला. सगळ्यांना सांगत होता, नानांचे चांगले विचार घरी नेतो, कोणाला पाहिजेत का? तिथेच झाकण उचकटलं. आत किडे. डाळ कमी, किडे जास्त. झुलाल म्हणाला, नाना, विचार चालायला लागले! अख्खी मंडळी हसली.

भिकुबाई म्हणाली, अहो, मिलमधला माणूस तुम्ही, अन् डाळीले ऊन नही दाखाडं?

मी काही बोललो नाही. शपथ. एक शब्द नाही. पाळकसाहेबांनीच शेवटची प्रार्थना करायला मला सांगितलं, बहुतेक माझं मन राखायला. सगळ्यांनी डोळे मिटले. मी म्हटलं, प्रभू, पंख्याखाली बसणाऱ्यांना दुसऱ्याची थट्टा न करण्याची बुद्धी दे. पाळकसाहेबांना लिलाव आवरता घ्यायची बुद्धी दे. आणि ज्या बायका डाळीला ऊन न दाखवता धुळ्याला जाऊन बसतात, त्यांनाही…

आमेन म्हणून डोळे उघडले. भिकुबाई नव्हती. पिशवीही नव्हती.

रहिमाबीला ती रस्त्यात भेटली, एस. टी. स्टँडकडे जाताना. म्हणाली म्हणे, डोकं बठ्ठं तेच शे. म्हणजे होतं तसंच.

२१ ऑक्टोबर
काल प्रार्थना होती. प्रार्थनेला वाईट विचार कसं म्हणायचं? उजवा डबा रिकामाच आहे. धुऊन मीठ भरून ठेवलं.

वरण केलं. खारट झालं. मोठ्याने प्रार्थनेला बसलो. प्रभू, अमक्याला मिठाचा अंदाज दे, म्हणेपर्यंत आलो आणि थांबलो. स्वयंपाक मीच केला होता. वरण गार झालं.

भिके, लवकर निरोप धाड. कोणाच्याही हाती चालेल. झुलालच्यासुद्धा.