बटणांच्या डब्यातली इंग्रजी वाक्यं

प्रिय ठमाबाई,

फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. मावशी सांगते, तिच्याकडे गेल्यापासून नुसती भिंतीकडे तोंड करून पडून असतेस. अगं, परीक्षेत नापास झालेली तू काही जगातली पहिली नाहीस. ते जाऊ दे, आधी इथली गंमत ऐक.

शिवणशाळेत शिकवायला बाई हवी आहे. माझा हात चांगला आहे, पण त्यांना वर इंग्रजीची परीक्षाही हवी! वाक्यातलं नाम कुठलं, क्रियापद कुठलं, विशेषण कुठलं, ते ओळखायचं. तू टाकून गेलेलं व्याकरणाचं पुस्तक काढलं, तर सगळं डोक्यावरून गेलं. शेवटी वैतागून कात्रीच घेतली. जुन्या इंग्रजी वर्तमानपत्रातली वाक्यं कापायची, शब्द सुटे करायचे आणि बटणांच्या डब्यात टाकायचे. नामं शर्टाच्या बटणांत, क्रियापदं हुकांत, विशेषणं लेसच्या तुकड्यांत. काय सांगू, भराभर जमायला लागलं! आत्याला तर असा नाद लागला की काजं करायची सोडून माझ्याशी शब्दांवरून भांडत बसायची. क्रियाविशेषणांना डब्यात कप्पा उरला नव्हता, म्हणून ती तिने एका साहेबांच्या शिवायला आलेल्या कोटाच्या खिशात ठेवली. कोट घरी गेला आणि साहेब 'स्लोली'ची चिठ्ठी नाचवत परत आले. माझं काम हळू चालतं असा शेरा मारलाय का, म्हणे! आम्ही दोघी हसून हसून बेजार.

मग परीक्षा. कात्री बाहेर ठेवायला लावली. समोर सलग छापलेली वाक्यं, आणि मला काही म्हणजे काही सुचेना. हात नुसते शिवशिवत होते. मग कागदाला घड्या घातल्या, नखाने दाब दिला आणि फाडले की शब्द! बाकावर ढीग लावले, बघून बघून उत्तरं लिहिली. आता पान उलटावं म्हटलं, तर पान होतंच कुठे? मागचे सगळे प्रश्न चिंध्या होऊन माझ्यासमोर पडले होते. देखरेखीच्या बाईंनी कपाळाला हात लावला.

जेवढं लिहिलं तेवढं सगळं बरोबर आलं. पण अर्ध्या पेपरावर कोण पास करणार? मी नापास झाले गं. निकाल कळल्यावर घराकडे पाय वळेनात. या वयात कुठलं तोंड घेऊन आत शिरू, म्हणून बाजारात उगाच फिरत राहिले. तू बॅग भरून का पळालीस, ते मला तिथे भाजीच्या गाड्यापाशी उभ्या उभ्या कळलं आणि रडूच फुटलं. मग आले. आत्याने वर पाहिलं, म्हणाली, हातपाय धू, जेवण गार होतंय. बस्स. नापास होऊन घरी येणं एवढंच असतं, ठमे. मला वाटलं, हे तुला कुणीतरी सांगायला हवं. मी पुन्हा बसणार आहे, या खेपेला कागद अख्खा ठेवून. तू बसायचं की नाही, ते तुझं तू ठरव, मी विचारणारसुद्धा नाही. पण घरी ये. आधी जेवू.

तुझीच,
नापास आई