ट्रेलर, सर्व अस्सल भागांसह

मी, खाली सही करणारा, वय वर्षे बाहत्तर, पूर्वी कारखान्यात टर्नर, हे मृत्युपत्र माझ्या हाताने व राजीखुशीने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी तसा दाखला दिला आहे, पण तो देताना माझ्याकडे दोनदा पाहिले, हेही नोंदवतो. कोणाचे दडपण नाही; माझ्यावर दडपण आणायचा दम आमच्या घरात कोणात नाही. वकिलांचा मसुदा मी परत केला, कारण त्यात माझ्या ट्रेलरला 'जुने निकामी वाहन' म्हटले होते.

१. राहते घर, मागची शेड व बँकेतील शिल्लक मुलीला. तिने घर विकले तरी चालेल. मेलेल्याला कोण विचारतो?

२. लेथ व सर्व हत्यारे कोपऱ्यावरच्या वेल्डरला. तो अर्धवट शिकलेला आहे, पण येत नसेल तर 'येत नाही' म्हणतो. एवढे तर इंजिनियरलाही जमत नाही.

३. जावई. याला मी 'चालतंय' म्हणतो. ट्रेलरच्या मागच्या दिव्याची काच मी सहा वर्षे शोधत होतो. याने बाजारातून प्लास्टिकची आणली आणि म्हणाला, "बाबा, कोण बघतंय? चालतंय की." ट्रेलरला तांबडा रंग फासून त्यावर आइसक्रीम विकायचे याच्या मनात आहे. याला ती प्लास्टिकची काच द्यावी. मी जपून ठेवली आहे.

४. जुन्या गाड्यांच्या मंडळाचे अध्यक्ष. यांना बोल्टच्या डोक्यावरची कारखान्याची खूण वाचता येत नाही, तरी छातीवर परीक्षकाचा बिल्ला लावून फिरतात. ट्रकच्या स्प्रिंगचे पाटे कापून बसवलेल्या एका ट्रेलरला यांनी पहिला नंबर दिला. उचलली जीभ लावली टाळ्याला. माझ्या अंत्यविधीला आलेच तर येऊ द्यावे, पण भाषण करू देऊ नये.

५. आता ट्रेलर. दोनचाकी, लष्करी, भंगारवाल्याच्या आवारात चिखलात रुतलेला मिळाला. एकवीस वर्षे खपलो. पुढची जोडकडी, हँडब्रेकचा दांडा, ताडपत्रीच्या कमानी, मागची फळी, ट्रेलर बनला त्याच सालचा शिक्का असलेले टायर. त्यात एक नटसुद्धा नंतरचा नाही. टायर झिजू नयेत म्हणून प्रदर्शनालाही मी तो दुसऱ्या ट्रकवर चढवून नेत असे. ज्याला हसायचे त्याने हसावे.

६. हा ट्रेलर मी माझ्या धाकट्या बहिणीला देतो. कारण सांगायची सक्ती नाही, तरी लिहितो.

अकरा वर्षांपूर्वी तिने नवऱ्याचे घर सोडायचे ठरवले. सासरची माणसे बाहेरगावी गेली होती, दुपारी परतणार होती. ती सकाळीच शेडमध्ये आली. म्हणाली, "दादा, ट्रेलर दे. ओढायला शेजाऱ्यांची जीप मिळतेय."

मी म्हणालो, "हा सामान वाहायला नाही गं. टायर त्या सालचे आहेत, परत मिळायचे नाहीत."

तिने हातगाडी आणली. दोन खेपा झाल्या. तिसरीला गेली तेव्हा माणसे परतली होती आणि दार आतून बंद होते. तिचे शिलाई मशीन आतच राहिले, आणि पोट त्याच्यावरच होते. पुढे सात वर्षे ती दुसऱ्याच्या दुकानात काजे-बटणे करत बसली. माझ्याशी बोलणे टाकले. मी मात्र सांगत फिरलो, की बाईला अस्सल वस्तूची कदर नाही.

वर ज्यांना मी मूर्ख ठरवले, ते शब्द मागे घेत नाही. पण त्यांच्यापैकी एकानेही तिला नाही म्हटले नसते. जावई 'चालतंय' तर जीप नसती तरी हाताने ओढत गेला असता. सगळ्यात नालायक मी निघालो, आणि हे मला पूर्ण शुद्धीत कळते आहे.

गेल्या आठवड्यात मी तिला फोन करून सांगितले, की ट्रेलर तुझ्या नावे करतोय. तिने विचारले, "दादा, वजन किती पेलतो तो?"

"एक टन," मी म्हणालो. एवढे मला पाठ आहे.

"म्हणजे एका खेपेत झालं असतं," ती म्हणाली, आणि तिने फोन ठेवला.

७. ट्रेलर घेण्याचे बंधन तिच्यावर नाही. घेतल्यास तिने तो वापरावा, विकावा, रंगवावा किंवा तोडावा. कोणीही, आणि माझे नाव पुढे करून तर मुळीच, हरकत घेऊ नये.

येथवर वाचून, समजून सही केली.

मृत्युपत्र करणार: (सही)

साक्षीदार: १. दाखला देणारे डॉक्टर (सही)
२. समोरचे घड्याळजी (सही)
दोघांनाही या पत्रातून काही मिळत नाही, म्हणूनच बोलावले.

ठिकाण: मागची शेड
दिनांक: ९ फेब्रुवारी, सकाळी अकरा