लाल मासोळ्यांना शेक

१२ डिसेंबर १९५५, सोमवार. हिंगणघाट.
जावईबापू सकाळच्या गाडीने कलकत्त्याला परत गेले. रजा संपली. जाताना काचेची एक पेटी ठेवून गेले, तीत दोन लाल मासोळ्या. सुंदराचं मन रमावं म्हणून. बाळ जाऊन आज अकरा दिवस झाले. पोरगी कोणाशी बोलत नाही, ताटावर नुसती बसून उठते. आज मात्र पेटीसमोर बराच वेळ बसली.

मासोळ्या गरम मुलखातल्या, पाणी पंचाहत्तर डिग्री फॅरनहाइटच्या खाली नको, असं जावईबापूंनी बजावलंय. ठरवलं, हे खातं आजपासून माझं. बावीस वर्षं सायन्स शिकवतोय. शाळेतला थर्मामीटर आणला. हेडमास्तरांना सवडीने कळवीन.

१३ डिसेंबर.
सकाळी पाणी ६८. चुलीवरचं पाणी लोट्याने ओतलं. एकदम ९०. मासोळ्या वर येऊन तोंडं उघडू लागल्या. 'तरतरी आली' अशी नोंद केली. ही म्हणाली, तडफडताहेत. मग गार पाणी ओतलं. ७०. एकूण प्रयोग समाधानकारक.

दुपारी सुंदराने पेटीजवळ बसून अर्धी भाकर खाल्ली आणि विचारलं, "बाबाजी, याईले हिव लागत असन काय?" बारा दिवसांतले पहिले शब्द. मी म्हटलं, मी असताना नाही लागणार. आवाज घोगरा झाला. सर्दी असावी.

१६ डिसेंबर.
पाणी विजेच्या दिव्याने तापवायचं ठरवलं. कापसाच्या जिनातला वायरमन प्रेमदास येऊन गेला. म्हणाला, दिवा पाण्यात बुडवू नका, झाकणाच्या आत पाण्याच्या वर लटकवा, वायर कोरडी ठेवा, हळूहळू ऊब येईल. चौथी पास माणूस. उष्णता वर जाते हे मी सहावीला शिकवतो. वर टांगलेला दिवा खालचं पाणी काय तापवणार? बल्ब बाटलीत घातला, बूच मेणाने बंद केलं आणि बुडवला.

संध्याकाळी. उजव्या हाताला अजून मुंग्या येताहेत. फ्यूज गेला. मासोळ्या तेवढ्यापुरत्या बादलीत होत्या, ही माझी खबरदारी. (म्हणजे हिची.) फ्यूजच जुना होता, असं घरात सांगितलं.

१९ डिसेंबर.
पाणी ६४. एक मासोळी तळाशी पडून. विश्रांती घेत असावी. बाळासाठी शिवलेलं दुपटं सुंदराने पेटीभोवती गुंडाळलं. नीट, कोपरे दुमडून. मला रडू आलं. अंगणात जाऊन उगाच लाकडं रचत बसलो.

२१ डिसेंबर.
सुईण भागाबाई सुंदराला शेक द्यायला रोज येते. बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवते. आज ते पाहताना एकदम डोक्यात आलं, उष्णता खालून हवी! बाळंतिणीला मानवतो तो शेक मासोळीला का मानवू नये? दुपटं सोडून ठेवलं, पेटी चार विटांवर मांडली, खाली शेगडी. भागाबाई म्हणाली, "मास्तरजी, बाळंतिणीखाली बाज असते. हे काच हाय, फुटन." तिला फिजिक्स काय कळणार.

दुपारी ४. पाणी ७५! दोघी पोहताहेत. सुंदराला हाक मारली. ती हसली. खरंच हसली. हिने पदर डोळ्यांना लावला. हुरूप येऊन मी आणखी निखारे घातले.

२२ डिसेंबर.
काल साडेपाचला तळाची काच गेली. सुंदरा आत निजली होती. सगळं पाणी शेगडीत, मासोळ्या राखेत. हातानेच उचलून लोट्यात सोडल्या. उपयोग झाला नाही. परसात पपईखाली पुरल्या. काच मुळात कच्ची असावी.

तशाच दोन पाठवा म्हणून जावईबापूंना पत्र टाकलं. तोवर सुंदराला सांगितलं, मासोळ्या थंडीपुरत्या शाळेत ठेवल्यात, तिथे सोय चांगली आहे. तिने मान हलवली. पटलं तिला.

२४ डिसेंबर.
सुंदरा जेवली नाही. काल पण नाही. हवा बदलली की भूक मंदावतेच. शाळेत मासोळ्या मजेत आहेत, असं तिला दोनदा सांगितलं.

२५ डिसेंबर, रविवार.
सकाळी सुंदरा पपईखाली बसलेली दिसली. उकरलेल्या मातीवर हात होता. मी शाळेतल्या सोयीबद्दल बोलायला लागलो. तिने थांबवलं. रागाने नाही.

"बाबाजी, बाळ गेलं तवाबी तुमी मले असंच सांगतलं. दवाखान्यात ठेवलं म्हणून. दोन दिस मी वाट पाहून राह्यली होती."

मी म्हणणार होतो की तुला ताप होता, डॉक्टरच म्हणाले होते. डॉक्टर काही म्हणाले नव्हते. मलाच तिच्यासमोर जाववत नव्हतं.

"त्याले कुठं ठेवलं, ते दाखवा," ती म्हणाली.

ही आडवी आली, सव्वा महिना झाला नाही म्हणाली. मी चपला घातल्या. आम्ही दोघं सावकाश वणा नदीपर्यंत चालत गेलो. पोरगी मधे दोनदा टेकली. काठावर खूण म्हणून मी त्या दिवशी एक दगड ठेवला होता. तिथे दगड पुष्कळ होते. मी पुढे गेलो, मागे आलो, एका बाभळीशी थांबलो. हीच जागा, असं म्हणणार होतो. ती माझ्याकडे बघत होती.

तिला सांगितलं, पोरी, मला जागा सापडत नाही.