बगळ्याची मान

१३ जानेवारी

उद्या पतंगीची सुट्टी. पोरं पर्वत पाटियाच्या बाजारात मांजा आणायला पळाली. मी नाही गेलो. आज डिझाइन मास्टर, सुकदेवमामा, लूमपाशी येऊन म्हणाले, "कुंदन, साडीची एक बॉर्डर काढून दाखव. जमली तर तुला लूमवरून उठवतो, कॉम्प्युटरवर बसवतो." एकच चान्स! लूमसमोर एका जागी उभं राहून डोकं फिरायची पाळी आलीय. माझे पाय मुळात थांबतच नाहीत.

१४ जानेवारी

ठरलं. हारीचा बगळा!

हारी म्हणजे जपानचा, व्हिडिओ गेमची चित्रं काढणारा. टोपणनाव आहे. जुन्या काळी त्याची कंपनी चित्रकाराचं खरं नाव गेममध्ये घालू द्यायची नाही— दुसरी कंपनी पळवेल म्हणून! मग यानं 'हारी' घातलं. तिकडं हारी म्हणजे सुई. बरेच गेम केले, प्रत्येकात एक बगळा. मग गायबच. आता म्हातारपणी परत आलाय, एकटा नवा गेम करतोय. चेहरा कुणी पाहिला नाही.

खोलीवरचा योगेश म्हणतो, "हरी? मग आपल्या अमळनेरचाच असंल!"

हारीची चित्रं चौकटी-चौकटीची. आमचं डिझाइनही तसंच— एक चौकट, एक धागा. चौकट न् चौकट मोजून बगळा उतरवला. गच्चीवर पतंग कापला की "काय्पो छे" चाललंय. चालू दे.

१९ जानेवारी

साडी विणून निघाली. फजिती! आमच्या कापडात आडवे धागे दाट बसतात, चौकट चपटी होते. रोज तेच धागे बघतो मी, तरी विसरलो! बगळ्याची मान गेली पोटात.

सुकदेवमामा— "हाऊ बगळा शे का कोंबडी?"

शेठ— "अंडी तरी घालते का बघ!"

अख्खा कारखाना हसला. मीही हसलो. पण चान्स गेला.

२० जानेवारी

लूम.

२५ जानेवारी

नव्या गेमच्या वेबसाइटवरून साडीचा फोटो हारीला पाठवला. मोबाइलनं मराठीचं जपानी करून दिलं. "तुमच्या बगळ्याची मी कोंबडी केली, माफ करा." खाली खरं नाव घालायची लाज वाटली. 'सुरतची कोंबडी' लिहिलं.

१ फेब्रुवारी

उत्तर आलं!! हारी बाई आहे, तिनंच लिहिलंय! आणि जग 'हारीसाहेब' करत बसलंय!

म्हणते, "माझा पहिला बगळाही असाच झाला. कागदावर चौकटी बरोबर, टीव्हीवर पसरट. सगळे हसले. मग मी कागदावर मान मुद्दाम लांब काढायला लागले. तू किती लांब काढशील?"

आणि शेवटी— "खरं नाव सांग."

सांगितलं.

३ फेब्रुवारी

मामांच्या मागं लागून लागून परत एक चान्स मिळवला. मान ताणली. मामा बघून म्हणाले, "आते हाऊ उंट शे का?"

"मामा, कापड तर होऊ द्या!"

९ फेब्रुवारी

बगळा! ताठ मानेचा! शेठ साडी उजेडात धरून बराच वेळ बघत राहिले. हसले नाहीत. मामांनी कॉम्प्युटरसमोरची खुर्ची ओढली— "बस." खुर्ची फिरती आहे. पायांची सोय झाली.

२ जून

हारीचा गेम आला. शेवटपर्यंत खेळलो. तळ्याकाठी एक कोंबडी उभी— माझी! मग नावं सरकली. दोनच.

चित्रं— सुमिए ओकाबे.
कोंबडी— कुंदन भाईदास कोळी, सुरत.

'हारी' कुठंच नाही.