भाड्याच्या खोलीतली सागवानी जमीन

बाबा, मी सध्या नारायण पेठेत भाड्याने राहते, वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत. मांजरी गावातलं नवऱ्याचं घर सोडून चार महिने झाले. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली, पण ते घर मला मानवणार नाही हे तुम्हाला तेव्हाच दिसलं असणार. इथे आधीच्या भाडेकरूने जमिनीवर प्लास्टिकचं कार्पेट चिकटवलं होतं. कुबट वास यायला लागला म्हणून कोपऱ्यातून ओढलं, तर खाली सागवानी फळ्या निघाल्या, मळाने काळ्या झालेल्या. मालकांना विचारलं. ते दारातूनच म्हणाले, "घासा की. हौस तुमची, हात तुमचे. फक्त भोक पाडू नका, खाली आम्ही जेवतो."

मशीन परवडणारं नव्हतं. मग तुम्ही करायचात तसं केलं. वर आलेले खिळे आत ठोकले, फुटक्या काचेने चिकटा खरवडला, मग काचपेपर, आधी भरड, नंतर बारीक. भेगांत त्याच लाकडाचा भुसा डिंकात कालवून भरला. शाळेत शिकवून आले की रोज एक फळी. गुडघे सुजले. तोंडाला फडकं बांधलेलं, तरी भुशाचा वास नाकात जातोच, आणि मी आठ वर्षांची होते. तुमच्या कारखान्यात बसून मी पाटाची फळी आडवी घासते आहे. तुम्ही हातातून काचपेपर काढून घेता. "रेषा कुठे चालल्यात ते आधी बघ. अशी भांडतेस काय लाकडाशी?" मी रडले होते. संध्याकाळी तो पाट तुम्ही घरी आणलात, माझे ओरखडे तसेच ठेवून, आणि आईला म्हणालात, "हिने केलाय. आज यावरच बसतो."

परवा बेलतेलाचा, तुमच्या त्या उकळलेल्या जवसाच्या तेलाचा, पहिला हात दिला. फळ्यांचा रंग असा वर आला की मी दारातच उभी राहिले. मालक आले, चप्पल बाहेर काढून, पहिल्यांदाच. वाकून जमिनीवरून बोट फिरवलं. "छान केलंत हो बाई," ते म्हणाले. "पण बिल्डरशी सह्या झाल्यात. दिवाळीनंतर खोल्या सोडाव्या लागतील."

"आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही 'घासू का' विचारलंत. पाडणार का, ते नाही विचारलंत." पण बोलताना ते माझ्याकडे बघत नव्हते. फळ्या जुनं लाकूड घेणारा नेईल म्हणाले. काल मी तेलाचा दुसरा हात दिला. कशासाठी, ते माहीत नाही.

आज वही घेऊन बसले, तर वेगळंच लिहावंसं वाटतंय. मांजरीला आम्ही नवे राहायला गेलो, तेव्हा दार फुगून अडकत होतं. हॉलमध्ये सासरची सगळी मंडळी बसलेली. तुम्ही पिशवीतून रंधा काढलात. मी सगळ्यांसमोर म्हटलं, "राहू द्या बाबा, हल्ली तुमचे हात थरथरतात." तुम्ही स्वतःच्या हातांकडे पाहिलंत आणि रंधा परत पिशवीत ठेवलात. बाहेरून सुतार बोलावला. त्याचं काम होईपर्यंत तुम्ही गॅलरीत पाठ करून बसलात. त्यानंतर तुम्ही रंधा हातात घेतलेला मी पाहिला नाही. दवाखान्यात तुमच्या उशाशी इतके दिवस बसले, तेव्हाही हे तोंडातून निघालं नाही, आणि हा कागदही वहीतच राहणार आहे. तुमचे हात थरथरत नव्हते, बाबा. त्या लोकांसमोर तुम्ही सुतार दिसायला मला नको होतात.