दुसरी किल्ली

ता. ११, सोमवार

प्रिय ताई,

नमस्कार. आम्ही सगळे ठीक आहोत. भावोजींचा गुडघा आता कसा आहे? त्यांना जिना चढू देऊ नकोस. पोरीची परीक्षा संपली. तिला पेपर सोपे गेले म्हणते, म्हणजे काळजीच आहे.

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला उशीर झाला. आधी काम फार होतं, मग अजिबात नव्हतं. दोन्हींचं कारण एकच.

नव्या कराचं तू वाचलं असशील. धंदा होवो न होवो, जागेच्या मापावर भरायचा. आपलं दुकान मापायला माणूस आला तेव्हा तो आत मावावा म्हणून मला बाहेर यावं लागलं. तरी कर बसलाच.

रस्त्यावरच्या सगळ्या दुकानदारांची बेकरीत सभा झाली. बेकरीवाले अध्यक्ष. मोर्चा झाला होता, निवेदन देऊन झालं होतं. अध्यक्ष म्हणाले, दुकानं बंद करू आणि किल्ल्या नेऊन कर कार्यालयातल्या अधिकारी बाईंच्या टेबलावर ओतू. तुम्हीच चालवा म्हणू. बाई ओशाळतील, किल्ल्या परत देतील, बातमी वरपर्यंत जाईल. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी मी शटर वर करतोय तोच केमिस्ट आला. म्हणाला, दुकानाच्या किल्लीची एक डुप्लिकेट काढून दे, घरात असलेली बरी. कुठे बोलू नकोस. तो गेला आणि सलूनवाला आला. मग शिंपी. त्याने किल्ली रुमालात गुंडाळून आणली होती. अध्यक्ष स्वतः आले नाहीत, बायकोला पाठवलं. प्रत्येकाला वाटत होतं आपण एकटेच. कोऱ्या किल्ल्या संपल्या, पुन्हा मागवाव्या लागल्या. धंद्याची रीत तुला माहीत आहे, कुणाची किल्ली केली ते बोलायचं नाही. मी मान खाली घालून कानस चालवत राहिलो.

फक्त समोरचा पुस्तकांचा बाइंडर आला नाही.

ठरल्या दिवशी आम्ही गेलो. पिशवी टेबलावर रिकामी केली, मोठा आवाज झाला. बाई ओशाळल्या नाहीत. त्यांनी खुर्च्या मागवल्या, पाणी मागवलं, एकेक किल्ली पाकिटात घातली आणि प्रत्येकाला पावती दिली. म्हणाल्या, निर्णय वरून येईपर्यंत जपून ठेवते. आम्ही पावत्या खिशात घालून परत आलो. वाटेत कुणी घाबरलेलं दिसलं नाही.

निर्णय येईपर्यंत बंद पाळायचा होता. आधी केमिस्टने उघडलं. औषधं अडवून चालत नाही, हे सगळ्यांना पटलं. मग सलून उघडलं. अध्यक्षांनी हवा खेळावी म्हणून शटर अर्धं वर केलं आणि त्या अर्ध्यातून पाव बाहेर येऊ लागले. कशाने उघडलं, असं कुणी कुणाला विचारलं नाही. माझ्याकडे मात्र कुणी बघेना.

मीही उघडलं. मशीनला तेल द्यायचं होतं. सलूनवाला हसला, म्हणाला, तुझ्या किल्लीला कोण विचारतो, तू तारेनेही उघडशील. पण मी तारेने नाही उघडलं, ताई. माझीही दुसरी किल्ली होती. सगळ्यांच्या आधी करून ठेवलेली.

बाइंडर रोज सकाळी येऊन आपल्या बंद दुकानाच्या पायरीवर बसायचा. डबा घेऊन येई, जेवे, संध्याकाळी जाई. लोक पुस्तकांची चौकशी करत. तो सांगे, प्रेसखाली आहेत, जास्त दाबली गेल्याने पुस्तकं बिघडत नाहीत.

अध्यक्षांना ते दृश्य सहन होईना. त्यांनी मला बोलावून सांगितलं की त्याचं दुकान उघडून दे, येणाऱ्या-जाणाऱ्यासमोर आमची लाज निघते. मी हत्यारांची पेटी घेऊन गेलो.

त्याने पेटीकडे पाहिलं. "कुलूप बिघडलंय का माझं?"

"नाही."

"किल्ली हरवलीय?"

"नाही."

"मग? किल्ली कुठे आहे ते मला माहीत आहे."

मी पेटी खाली ठेवली. शेवटी न राहवून विचारलं की किल्ल्या जमा करण्याआधी तुम्ही माझ्याकडे आला का नाहीत. त्याला आधी कळलंच नाही. मग त्याने रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं. सगळी शटरं वर होती. मी एकाचंही नाव घेतलं नव्हतं.

"तुझ्यासकट?" तो म्हणाला.

तो रागावला नाही. सरकून त्याने मला जागा करून दिली. मी बसलो नाही. परत आलो, मशीन पुसलं, शटर ओढलं आणि दुसरी किल्ली घेऊन कार्यालयात गेलो. बाई म्हणाल्या, तुमची तर आलेली आहे. म्हटलं, ही दुसरी. आणखी आहे का, त्यांनी विचारलं. नाही म्हणालो. त्यांनी नवं पाकीट काढलं.

तेव्हापासून मीही पायरीवर बसतो. हिने दोन दिवस अबोला धरला, आता डबा देते. काल शिंपी येऊन विचारून गेला की बाई किती वाजेपर्यंत असतात. गेला की नाही ते माहीत नाही.

ताई, हे सगळं सोपं होतं. पुढचं लिहायला चार दिवस लागले. परवाना तुझ्या नावावर आहे. महिनाअखेर कर भरला नाही तर तो रद्द होईल, आणि तशी नोटीस त्याआधीच तुझ्या पत्त्यावर येईल. बाबांनी दुकान तुला दिलं, मी चालवतो एवढंच, आणि तुला न विचारता मी ते पणाला लावलं. तू उघड म्हणालीस तर उघडेन. मनात काही धरणार नाही.

तुझ्या उत्तराची वाट पाहणारा,
तुझा भाऊ


ता. १९, मंगळवार

चि. भावास,

आशीर्वाद. यांच्या गुडघ्याची चौकशी पहिल्या ओळीत आणि दुकान माझं आहे हे शेवटच्या. लहानपणापासून तुझं असंच.

नोटीस काल आली. यांनी वाचली आणि जेवताना म्हणाले, तुझा भाऊ शहाणा आहे की नाही ते मला इतक्या वर्षांत कळलेलं नाही. मी म्हटलं, मलाही नाही.

आधी विचारलं असतंस तर मी नाही म्हणाले असते. ते तुला माहीत होतं, म्हणून विचारलं नाहीस. याचा मला राग आहे आणि तो इतक्यात जायचा नाही. भेटशील तेव्हा बोलेन.

दुकान उघडू नकोस.

बाईंना तू आणखी किल्ली नाही म्हणून सांगितलंस. आहे. लग्न होऊन निघाले तेव्हा बाबांनी मला एक करून दिली होती. कशाला, ते बोलले नाहीत, मीही विचारलं नाही. ती एकदाही कुलपात गेलेली नाही, दात अजून बोटाला लागतात. सोबत पाठवते आहे. कार्यालयात नेऊन दे. पावती घे, आणि ती माझ्या नावाची घे.

तुझी ताई,
दुकानाची मालकीण